एक ओळ सरकवत नेली की कोड तयार होतो

रावेरच्या बाजारात केळीच्या गाडीवर चिकटवलेला पेमेंटचा क्यूआर कोड बघा, कोपरा फाटलेला, वर चिकाचे डाग, तरी मोबाईल पटकन वाचतो. कारण त्यात जादाची माहिती हिशोबाने भरलेली असते, रीड-सोलोमन कोड म्हणतात त्याला, 1960 चा. सगळ्यात पक्क्या लेव्हलला साधारण 30 टक्के भाग खराब झाला तरी चालतं.

हा हिशोब चालतो फायनाइट फील्डमध्ये, म्हणजे मोजक्याच आकड्यांच्या दुनियेत. समजा 0 ते 6 एवढेच आकडे, बेरीज-गुणाकार केला की 7 ने भागून बाकी ठेवायची. भागाकारही होतो, कारण 3 गुणिले 5 म्हणजे 15, बाकी 1, म्हणून 3 ने भागायचं तर 5 ने गुणा. असे जोडीदार शोधायची रीत आपल्याकडे कुट्टक म्हणून भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, आणि त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा 1207 चा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, मला याचा फार अभिमान वाटतो.

आता खरा प्रश्न. 12 बिटचा मेसेज आहे, म्हणजे 12 जागी 0 किंवा 1, इथे दुनिया दोनच आकड्यांची, त्यात 3 चुका झाल्या तरी दुरुस्त व्हायला पाहिजेत, त्यासाठी कुठलेही दोन कोडशब्द (मेसेजला जादाचे बिट जोडून झालेल्या ओळी) निदान 7 जागी वेगळे लागतात, 8 असले तर चौथी चूकही निदान पकडली जाते. मग 8 जागांच्या फरकासाठी कोडशब्दाची लांबी किती लागेल? ग्रिस्मरचा नियम सांगतो की मेसेजच्या प्रत्येक बिटाला एक आकडा धरून 8, 4, 2 आणि नऊ वेळा 1 मिळवा, 23 च्या खाली जमणारच नाही. पण 23 मध्येही जमत नाही, 24 च लागतात. हाच तो गोले कोड, नासाच्या व्हॉयेजर यानांनी गुरू-शनीचे रंगीत फोटो यातूनच पाठवले.

तो सापडायचा कसा? मेसेजच्या 12 बिटांवरून जादाचे 12 बिट ठरवणारा 12 बाय 12 चा तक्ता आंधळेपणाने भरायचा म्हटलं तर 2 चा 144 वा घात एवढे पर्याय, कुठलाच कॉम्प्युटर पुरणार नाही. पण 11 आकड्यांची एकच ओळ घ्या, 11011100010, ती एकेक घर सरकवत 11 ओळी करा, कडेने 1 ची चौकट लावा, फक्त कोपऱ्यात 0, आणि शेजारी प्रत्येक ओळीची ओळख म्हणून एकेक 1 ठेवा, या 12 ओळींतल्या हव्या त्या ओळींची 2 ने भागून बाकी ठेवत बेरीज केली की कोडशब्द मिळतात, झाला गोले कोड! 11 आकड्यांच्या अशा सुरुवातीच्या ओळी तपासायच्या म्हटल्या तरी सगळ्या मिळून 2048 च. आणि 1 कुठे आलेत बघा, 0, 1, 3, 4, 5, 9 या जागांवर, 0 सोडला तर बाकीच्या वर्गसंख्यांना 11 ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्या आहेत. मला तर हे बघून अजून भारी वाटतं.

आजही नवे कोड असेच शोधतात, ओळ सरकवताना टोकाचा आकडा एखाद्या ठरलेल्या संख्येने गुणून पुढे आणतात, त्याला क्वाझी-ट्विस्टेड म्हणतात. मार्कुस ग्रास्ल यांच्या ऑनलाइन तक्त्यात कितीतरी घरांत आजवर सापडलेलं अंतर (कुठलेही दोन कोडशब्द निदान किती जागी वेगळे) आणि वरची मर्यादा यात फट आहे, म्हणजे तिथे जागा आहे अजून. अडचण एवढीच की मोठ्या कोडचं अंतर मोजणंच अवघड, 1997 मध्ये संशोधक अलेक्झांडर वार्डीने ते एनपी-हार्ड, म्हणजे झटपट सोडवायची रीत कुणाला माहीत नसलेल्या प्रश्नांइतकं अवघड, असल्याचं दाखवलं, म्हणून प्रोग्राम सगळे शब्द तपासत बसत नाही, हव्या अंतरापेक्षा कमी वजनाचा (म्हणजे 0 सोडून बाकीचे आकडे कमी असलेला, पण सगळे 0 नसलेला) एक शब्द सापडला की ती ओळ टाकून पुढची घेतो.