गाजर

गाजर : खाद्य सोटमुळासाठी लावली जाणारी, थंड हंगामातील द्विवर्षायू ओषधी. शास्त्रीय नाव डॉकस कॅरोटा, उपजाती सॅटायव्हस. कुल एपिएसी (जुने नाव अंबेलिफेरी). द्विगुणित गुणसूत्रे १८. धने, जिरे, ओवा व बडीशेप याच कुलातील. पहिल्या हंगामात पानांचा झुबका व मांसल मूळ तयार होते. थंडी सोसल्यानंतर फुलोऱ्याचा दांडा वर येतो आणि मूळ चिवट, काष्ठमय होते. मुळाचा बाहेरचा जाड थर परिकाष्ठाचा (अन्न वाहून नेणाऱ्या ऊतकाचा), तर मधला गाभा प्रकाष्ठाचा (पाणी वाहून नेणाऱ्या ऊतकाचा) असतो. साखर व रंगद्रव्य बाहेरच्या थरात अधिक असल्याने बारीक गाभ्याचे वाण चांगले समजतात.

उगम : रानगाजर यूरोपात आणि पश्चिम व मध्य आशियात विस्तृत प्रदेशात उगवते. त्याचे मूळ बारीक, फिकट व चिवट असते. स्वित्झर्लंडमधील प्रागैतिहासिक सरोवरकाठच्या वस्त्यांत गाजराचे बी सापडले आहे. मात्र रानटी व लागवडीचे बी सारखेच दिसत असल्याने व बी मसाला वा औषध म्हणूनही वापरले जात असल्याने त्यावरून मुळाची लागवड सिद्ध होत नाही. ग्रीक व रोमन लेखकांच्या उल्लेखांचीही हीच अडचण आहे. ‘पॅस्टिनाका’ हे लॅटिन नाव गाजर व पार्सनिप (गाजरासारखी पांढरट मुळाची भाजी) या दोन्हींना लावलेले आढळते.

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी १९२४ मध्ये अफगाणिस्तानचा दौरा केला. तेथील गाजरांतील वैविध्य पाहून त्यांनी मध्य आशिया हे या पिकाचे मुख्य केंद्र मानले. तेथून जांभळी व पिवळी गाजरे दहाव्या शतकाच्या आसपास पश्चिमेकडे सरकली असावीत. बाराव्या शतकात सेव्हिल येथील इब्न अल-अव्वाम यांनी तांबड्या व पिवळसर अशा दोन प्रकारांचे वर्णन केले आहे. अलीकडील जनुकीय अभ्यासांतही लागवडीचे गाजर मध्य आशियातील रानगाजरांना सर्वांत जवळचे ठरले. काही अभ्यासक उगमाची मर्यादा पश्चिम आशियापर्यंत वाढवतात व काळ ढोबळमानाने सहावे ते दहावे शतक असा देतात. मर्यादा थोडी सैल ठेवणारे हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नारिंगी गाजराचा वाद वेगळा आहे. डच संशोधक ओटो बांगा यांनी जुनी चित्रे व वाणांची वर्णने तपासून नारिंगी वाण सतराव्या शतकात नेदर्लंड्समध्ये पिवळ्या गाजरांतून निवडले गेले, असे मांडले. याविरुद्ध मुख्य पुरावा दिला जातो तो इ. स. ५१२ च्या सुमाराच्या, व्हिएन्ना येथे जतन केलेल्या, ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझच्या वनौषधिग्रंथाच्या हस्तलिखिताचा. त्यातील एका चित्रात फाटे फुटलेले, नारिंगी छटेचे मूळ दिसते. पण जुन्या रंगलेपाच्या छटेवर, तेही एकाच चित्रातील, एवढा भार टाकणे धोक्याचे आहे. सु. ६३० नमुन्यांच्या जीनोमांवर (संपूर्ण जनुकसंचांवर) आधारलेला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नारिंगी गाजर पश्चिम यूरोपातच, प्रबोधनकाळाच्या सुमारास, बहुधा पांढऱ्या व पिवळ्या गाजरांच्या संकरातून आले असावे असे सुचवतो. अप्रभावी रूपातील तीन जनुके एकत्र आली की कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य भरपूर साठते, असे त्यात दिसून आले. स्थळाबाबत बांगांचे मत त्यामुळे बळकट होते, काळ मात्र थोडा मागे जाऊ शकतो. नेदर्लंड्सच्या ऑरेंज राजघराण्याच्या सन्मानार्थ हा रंग घडवला, या लोकप्रिय कथेला समकालीन लेखी आधार मिळालेला नाही. ती नोंदींतून वगळणेच योग्य.

थंडी व गोडी : गाजराची खरी चव थंडीतच कळते. १५°–२१° से. तापमानात रंग व आकार उत्तम येतो, ३०° से. च्या वर मुळे आखूड व फिकट राहतात. उष्ण हवेत टर्पिने (उग्र वासाची बाष्पनशील संयुगे) वाढून उग्र, कडवट चव येते. गारव्यात ती कमी राहतात व गोडी पुढे येते. बटाट्याप्रमाणे येथे स्टार्चची साखर होत नाही, कारण गाजर आपला साठा मुख्यतः साखरेच्या रूपातच करते. दीर्घ थंडीने फुलोरा येण्यास चालना मिळते (वासंतीकरण). यूरोपीय वाणांना १०° से. खाली कित्येक आठवडे लागतात, तर उष्ण प्रदेशांतील आशियाई वाणांना थोडी थंडी पुरते. म्हणूनच आशियाई वाणांचे बी उष्ण प्रदेशांतही धरता येते. यूरोपीय वाणांच्या बियांसाठी थंड, डोंगराळ भाग शोधावा लागतो.

रासायनिक घटक : १०० ग्रॅम कच्च्या गाजरात सु. ८८ ग्रॅम पाणी, ९.६ ग्रॅम कार्बोहायड्रेटे व ८ मिग्रॅ. बीटा-कॅरोटीन असते. कॅरोटीन प्रथम १८३१ मध्ये हाइनरिख वाकेनरोडर यांनी गाजरापासूनच वेगळे केले. त्याची संरचना ठरवणारे पाउल कारर यांना १९३७ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जांभळ्या गाजरांचा रंग अँथोसायनिनांचा असतो.

साठवण : पाने काढलेली पक्व गाजरे ०° से. व ९८–१००% आर्द्रतेत सात ते नऊ महिने टिकतात. त्यामुळे दूरच्या शेतांतील माल हंगाम संपल्यावरही ताजा म्हणून पोहोचतो. पाल्यासह ठेवलेल्या जुड्या मात्र पानांवाटे पाणी जाऊन सु. दोन आठवड्यांत सुकतात. ज्यांचा पाला हिरवा व ताठ आहे ती गाजरे बहुधा नुकतीच काढलेली असल्याचे समजावे. सफरचंद, नासपती यांच्याजवळ गाजरे ठेवू नयेत. त्या फळांतून निघणाऱ्या एथिलीन वायूमुळे गाजरात आयसोकूमारिन तयार होऊन ती कडू होतात.