एन्ट्रॉपी म्हणजे नुसता पसारा नव्हे

बहुतेक शब्द कुणी आणि केव्हा जन्माला घातले, याचा पत्ता लागत नाही. ‘एन्ट्रॉपी’चं तसं नाही. रुडॉल्फ क्लॉसियस या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८६५ साली झुरिकमध्ये तो जाणूनबुजून घडवला आणि त्यामागचं कारणही लिहून ठेवलं. विज्ञानातल्या महत्त्वाच्या राशींची, म्हणजे मोजता येणाऱ्या गोष्टींची, नावं प्राचीन भाषांतून घ्यावीत, म्हणजे ती आजच्या सगळ्या भाषांत जशीच्या तशी चालतील, असं त्याचं मत होतं. ग्रीक ‘ट्रोपे’ म्हणजे वळण, पालट. उत्तरायण-दक्षिणायन सुरू होताना सूर्य ज्या वृत्तांवरून मागे फिरतो, त्यांचं इंग्रजी नाव ‘ट्रॉपिक’ हेही त्यातूनच आलं. ‘ट्रोपे’ला ‘एन’ जोडून क्लॉसियसने शब्द मुद्दाम ‘एनर्जी’च्या वळणाचा केला, कारण या दोन राशी त्याला एकमेकींच्या फार जवळच्या वाटत होत्या.

त्याला छळणारा प्रश्न वाफेच्या इंजिनातून आला होता. ऊर्जा नष्ट होत नाही, मग एकदा वापरलेली उष्णता पुन्हा तितकंच काम का करत नाही? म्हणजे ऊर्जा तेवढीच राहूनही काहीतरी पालटतं. त्या पालटाचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. तिच्यातला बदल मोजायची त्याची रीत सोपी आहे: जेवढी उष्णता दिली-घेतली, तिला निरपेक्ष तापमानाने, म्हणजे केल्विनमधल्या तापमानाने, भागायचं.

एक ग्रॅम बर्फ घ्या. तो वितळायला सुमारे ३३४ ज्यूल उष्णता लागते. बर्फाचं तापमान २७३ केल्विन, म्हणून त्याची एन्ट्रॉपी ३३४ भागिले २७३, म्हणजे सुमारे १.२२ ज्यूल प्रति केल्विन इतकी वाढते. तीच उष्णता ३० अंश सेल्सियसच्या, म्हणजे ३०३ केल्विनच्या खोलीने दिली. तिची एन्ट्रॉपी फक्त १.१० ने घटते. ०.१२ ची निव्वळ वाढ उरते. उलट प्रकार, म्हणजे अशा खोलीत पाणी आपोआप गोठणं, कधीच दिसत नाही, कारण तसं झालं तर एकूण बेरीज घटेल, आणि एकूण एन्ट्रॉपी आपोआप कधीच घटत नाही, हाच नियम आहे. मला हा हिशेब फार सुंदर वाटतो. काळ पुढेच का जातो, याचा एक धागा या साध्या भागाकारात आहे.

पुढे १८७७ मध्ये लुडविग बोल्ट्झमन या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने हीच राशी अणुरेणूंच्या शक्य मांडण्यांच्या संख्येशी जोडली. तेव्हापासून ‘एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था’ हे सोपं उत्तर रूढ होत गेलं, आणि ते पुष्कळदा फसवतं. पाण्यात हलवून मिसळलेलं तेल थोड्या वेळाने वेगळं होऊन वर येतं. दिसायला सगळं नीटनेटकं, पण एकूण एन्ट्रॉपी वाढलेलीच असते, कारण तेलाभोवती अडकलेले पाण्याचे रेणू मोकळे झालेले असतात.

फ्रीजसुद्धा या नियमातून सुटत नाही. आतल्या पाण्याचा बर्फ करताना तो तिथली एन्ट्रॉपी कमी करतो खरा, पण मागच्या जाळीतून त्याहून जास्त बाहेर टाकतो. म्हणूनच फ्रीजचं दार उघडं ठेवून खोली गार होत नाही, उलट तापते.