सनद, दत्तक आणि वंशावळ : बडोद्याच्या मराठी घराण्यांतील कुलशोधाची पार्श्वभूमी

बडोद्यातल्या मराठी घरात कुळाचा इतिहास जुळवायला कोणी बसले, की आधी शोध सुरू होतो सनदेचा, मग देशावरच्या किंवा कोकणातल्या मूळ गावाचा, आणि या दोहोंच्या आधाराने गायकवाडांच्या फौजेबरोबर गुजरातेत उतरलेल्या एखाद्या पराक्रमी पूर्वजाचा. हा क्रम निव्वळ हौसेतून आलेला नाही. घरोघरी जपलेल्या वंशावळी बहुतेक वेळा हक्क शाबीत करण्यासाठीच लिहिल्या गेल्या. इनाम, वतन, नेमणूक किंवा दत्तक यांचा वाद उभा राहिला की सरकारात वंशावळ दाखल करावी लागे. त्यामुळे त्यांत कोणाचे नाव आले आणि कोणाचे गळाले, हे त्या वादांनीच ठरवले आहे.

अठराव्या शतकाविषयी येथे थोडक्यातच सांगणे पुरेसे आहे. १७३४ नंतर बडोदे गायकवाडांच्या हाती कायम राहिले आणि पागा (घोडदळ), फडणिशी व मुजुमदारी (हिशेबाची कामे), कमाविशी (महसूल वसुली) यांच्या निमित्ताने दक्षिणेतली कुटुंबे येऊन स्थिरावली. काहींची वतने आणि इनामे मात्र गावाकडेच राहिली. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी कडक झाली, तेव्हा इनामदारांना कैफियती आणि वंशावळी सादर कराव्या लागल्या. दूर संस्थानात चाकरीला असलेल्या भाऊबंदाचा ठावठिकाणा आज कित्येकदा अशाच कागदांतून लागतो, कारण हिश्शाचा प्रश्न आला की दूरचा चुलतभाऊही लिहून ठेवावा लागे.

या सगळ्यात गादीच्या वारसाबद्दलचा १८७५ चा निर्णय वेगळ्या मोलाचा आहे, आणि त्याविषयी बडोद्यात अजूनही मोकळेपणाने बोलले जात नाही. १८७० मध्ये महाराज खंडेराव गायकवाड वारले तेव्हा महाराणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर गादी त्याची होती. १८७१ मध्ये मुलगी झाली आणि दिवंगत महाराजांच्या धाकट्या भावाचा, मल्हाररावांचा, अधिकार कायम झाला. पुढे रेसिडेंटवर, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीवर, विषप्रयोग केल्याचा आरोप मल्हाररावांवर आला. चौकशीसाठी नेमलेल्या सहा सदस्यांपैकी तीन इंग्रजांनी त्यांना दोषी धरले, तर तीन हिंदी सदस्यांनी आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही. मते अशी समसमान पडल्यावर हिंदुस्थान सरकारने त्यांना गैरकारभाराच्या कारणावरून पदच्युत केले, आणि त्याच जाहीरनाम्यात त्यांच्या संततीलाही गादीचा हक्क कायमचा नाकारला.

कुलशोधाच्या दृष्टीने लक्ष द्यावे ते या शेवटच्या कलमाकडे. रक्ताने सर्वांत जवळची शाखा एका जाहीरनाम्याने कापली गेली आणि महाराणींना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. मग दूरदूरच्या शाखांना मुलांसह बडोद्यास बोलावण्यात आले. मालेगावजवळच्या कवळाणे गावातून शेती करणारे एक कुटुंब तीन मुलगे घेऊन आले, आणि २७ मे १८७५ रोजी त्यांतला मधला, बारा वर्षांचा मुलगा (पुढचे महाराज सयाजीराव) दत्तक गेला. तोवर जी शाखा मूळ घराण्याच्या कागदांच्या अगदी कडेला होती, ती एका दिवसात मुख्य शाखा झाली. पुढे या मुलाने राज्य उत्तम चालवले, म्हणून निवडही निर्विवाद होती असे बडोद्यात सहज मानले जाते. पण फळ चांगले आले म्हणून कलम कायदेशीर ठरत नाही. वगळलेल्या शाखेच्या बाजूने पाहिले, तर वंशावळ ही तेव्हा शोधलेली गोष्ट नव्हती, ठरवलेली गोष्ट होती. घरातल्या जुन्या पटावर एखादी रेघ मध्येच थांबलेली दिसली, तर ती शाखा निर्वंश झाली असे लगेच मानू नये, एवढे तरी यातून घेण्यासारखे आहे.

नंतरच्या काळाचे कागद अधिक मोकळे आहेत. संस्थानची आज्ञापत्रिका नेमणुका, बदल्या आणि रजा छापत असे. त्यात एखादा पूर्वज आज अमरेलीस, पुढे नवसारीस, मग कडी प्रांतात गेलेला सापडतो, आणि घरात सांगितल्या जाणाऱ्या तलवारीपेक्षा त्याची वहिवट अधिक स्पष्ट दिसते. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण आले, १९१० नंतर गावोगाव ग्रंथालये निघाली. हा पसारा शिक्षकांनी, तपासनिसांनी आणि कारकुनांनी उभा केला. पूर्वजांपासून प्रेरणाच घ्यायची असेल, तर आडगावच्या शाळेत परक्या भाषेच्या मुलांना शिकवणारा पणजोबा माझ्या मते सरदारापेक्षा अधिक जवळचा आहे. सनद मखमलीत आणि त्याचे बदलीचे हुकूम माळ्यावरच्या ट्रंकेत, ही वाटणी मात्र बहुतेक घरांत अजून तशीच आहे.

स्त्रियांची नावे दरबारी वंशावळीत सहसा नसतात. मुलगी दिली त्या घराचे आडनाव लिहिले की काम भागे. ती नावे धर्मकृत्यांत टिकली. तीर्थोपाध्यायांच्या वहीत यजमान स्वतःच्या हाताने बाप, आजा, पणजा आणि मूळ गाव लिहून खाली ‘हल्ली वस्ती बडोदे’ अशी पुस्ती जोडतो. पण जुन्या कडी प्रांतातल्या सिद्धपूर येथे, जिथे मातृश्राद्धासाठी लोक मुद्दाम जातात, तिथे आई, आजी, पणजी यांचा नावानिशी उच्चार करावा लागतो. त्या निमित्ताने घरात केलेली टिपणे सांभाळली असतील, तर कोणत्याही सनदेत नसलेले तिथे मिळते.

पुढचा अडथळा लिपीचा आणि सीमांचा. मुंबई सरकारने १९१७ मध्ये कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध (देवनागरी) लिपी पत्करली. बडोद्याच्या कारभारात गुजरातीचे स्थान आधीच वाढले होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि बरोबर अकरा वर्षांनी गुजरातेत आले. आजची पिढी आजोबांचे गुजराती हिशेब वाचते, पणजोबांची मोडी पत्रे तिला वाचता येत नाहीत.

पुण्या-मुंबईकडे परतलेल्या कुटुंबांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे राज्यातले वास्तव्य दाखवावे लागते, आणि बडोद्यातल्या चाकरीचे कागद नेमके उलट सांगतात. मग पुन्हा मूळ गावाच्या शाळेचा जुना दाखला आणि जन्म-मृत्यूची नोंद शोधायची, वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची. आणि तीही वडिलांकडच्या नात्याची, कारण आईच्या माहेरचा कागद कितीही जुना आणि स्वच्छ असला तरी तिथे तो चालत नाही.