पर्जन्य-अपधाव मॉडेल

पाणलोट क्षेत्रात पडलेल्या पावसापैकी किती पाणी, किती वेळाने नदीत उतरेल याचे गणित मांडणारी पद्धत. जमिनीवरून वाहत नदीला मिळणाऱ्या पाण्याला अपधाव म्हणतात. पुराचा आगाऊ अंदाज देणे हा या मॉडेलचा सर्वांत मोलाचा उपयोग.

१,००० चौ. किमी. क्षेत्रावर १०० मिमी. पाऊस झाला, की १० कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे साडेतीन टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पडते. जूनच्या आरंभी तापलेली जमीन त्यातले बरेचसे जिरवते. ऑगस्टमध्ये रान आधीच चिंब असते आणि तेवढाच पाऊस ओढे-नाले भरभरून नदीला नेतो. म्हणून आजच्या पावसाइतकाच गेल्या आठवड्याचा पाऊसही मॉडेलला सांगावा लागतो. नदीला मिळणारे पाणी तासागणिक कसे चढेल-उतरेल हे काढण्यासाठी अमेरिकन अभियंता शेर्मन यांनी १९३२ मध्ये एकक जलालेख, म्हणजे एक एकक अपधावाने नदीचा प्रवाह वेळेनुसार कसा बदलतो याचा आलेख, मांडला. तो आजही वापरात आहे.

कोल्हापूरची पंचगंगा मात्र एवढ्यावर आवरत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती घाटमाथ्याचे पाणी आणतात. गगनबावड्याला वर्षाकाठी ५,००० मिमी.हून अधिक पाऊस, तर कोल्हापूर शहरात १,००० मिमी.च्या आसपास. त्यामुळे घाटातले पर्जन्यमापक विरळ असले, तर मॉडेल कितीही चांगले असो, अंदाज फसतो. भोगावतीवरील राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पातळीनुसार उघडतात, कृष्णेत येणारा कोयना धरणाचा विसर्ग मात्र निर्णयावर अवलंबून. पुढे नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा चढलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फूग येते. अशा वेळी नदीपात्रातील प्रवाहाचे वेगळे मॉडेल जोडावेच लागते. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्याने या फुगीची झळ सोसली.

मॉडेल प्रवाह क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) देते. नदीकाठच्या माणसाला हवे असतात फूट. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ व धोका पातळी ४३ फूट, सांगलीला कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ ती अनुक्रमे ४० व ४५. प्रवाहावरून पातळी काढणारा आलेख प्रत्यक्ष मोजमापांवर बसवतात. ऐन महापुरात पाणी पात्राबाहेर पसरल्यावर अशी मोजमापे फार थोडी मिळतात, त्यामुळे आलेखाचे वरचे टोक अंदाजानेच वाढवावे लागते आणि सर्वाधिक चूक तिथेच होते.