प्रती किती, यापेक्षा प्रती कुठे

वळवाच्या पावसात नाशिकच्या सातपूरची लाईट जाणं नवीन नाही. त्या संध्याकाळी मात्र आमच्या वर्गातले तिन्ही डेस्कटॉप एकदम बंद पडले आणि मुलांच्या प्रोजेक्टच्या तिन्ही प्रती लाईट येईपर्यंत हाताबाहेर गेल्या. "सर, तीन ठिकाणी ठेवल्या होत्या की!" एक मुलगी कळवळून म्हणाली. मशीन तीन होती, पण खोली एक आणि वीजवाहिनीही एकच.

प्रती कुठे ठेवायच्या हा प्रश्न पीअर-टू-पीअर यंत्रणेत रोजचाच. तिथे मधे कोणी मोठा सर्व्हर नसतो. सगळे संगणक बरोबरीचे. प्रत्येक जण घेतोही आणि देतोही. त्यातला कोणता कधी बंद पडेल याचा भरवसा नाही, हे गृहीत धरूनच सगळी रचना असते. समजा, प्रत्येक संगणक निम्माच वेळ चालू असतो. एक प्रत ठेवली तर ती मिळण्याची शक्यता 50 टक्के, दोन ठेवल्या तर 75, दहा ठेवल्या तर 99.9. पण जागा दहापट लागली! यावरचा तोडगा रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी 1960 मध्येच मांडलेल्या पद्धतीत आहे. फाइलचे दहा भाग करायचे आणि त्यांवरून असे चाळीस तुकडे बनवायचे, की त्यातले कुठलेही दहा हाती आले तरी अख्खी फाइल परत उभी राहते. जागा फक्त चौपट, आणि भरवसा दहा प्रतींहूनही जास्त. मला हे गणित आजही विलक्षण सुंदर वाटतं.

पण त्यात एक अट दडलेली आहे: संगणक एकमेकांशी संबंध नसताना बंद पडले पाहिजेत. इंटरनेटवरून फोन करायचं स्काइप तेव्हा वापरणाऱ्यांच्याच संगणकांवर चालायचं. ऑगस्ट 2007 मध्ये ते सुमारे दोन दिवस कोलमडलं, ते हीच अट मोडल्यामुळे. विंडोजच्या अपडेटनंतर जगभरातले असंख्य संगणक थोड्याच वेळात रीस्टार्ट झाले, सगळे पुन्हा लॉगिन करू लागले, आणि ज्या संगणकांच्या आधारावर जाळं उभं होतं तेच नेमके गैरहजर होते. त्यात स्काइपच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधली एक चूकही उघडी पडली.

वेगाचा प्रश्न, म्हणजे मधे सर्व्हर नसताना हवा तो संगणक पटकन शोधण्याचा, त्या मानाने चांगला सुटला आहे. 2002 च्या कॅडेम्लिया पद्धतीत शोधाच्या प्रत्येक टप्प्याला अंतर (नकाशावरचं नव्हे, संगणकांच्या ओळख-क्रमांकांमधलं) साधारण निम्मं होतं, त्यामुळे दहा लाख संगणकांतून हवा तो जास्तीत जास्त वीसेक टप्प्यांत सापडतो. शिवाय जो बराच वेळ चालू आहे तो पुढेही चालू राहण्याची शक्यता जास्त, म्हणून ही पद्धत जुन्या ओळखी सहसा सोडत नाही.

खासगीपणाचं दुखणं मोठं आहे. बिटटॉरेंट या पीअर-टू-पीअर जाळ्यावरून लिनक्स ही संगणकप्रणाली उतरवताना मी मुलांना पीअर्सची, म्हणजे तीच फाइल देणाऱ्या-घेणाऱ्या संगणकांची यादी उघडून दाखवली. अनोळखी माणसांचे आयपी पत्ते (इंटरनेटवरचे संगणकांचे क्रमांक) ओळीने समोर आले, आणि त्यांच्या पडद्यावर आमचा. टॉर हे जाळं यावर कांद्यासारखा उपाय करतं. निरोपावर कूटलिपीचे तीन पापुद्रे असतात. वाटेतला प्रत्येक संगणक एकेक सोलतो. पहिल्याला पाठवणारा कळतो, शेवटच्याला पोचायचं ठिकाण, दोन्ही कोणालाच नाही. पण पहिला आणि शेवटचा एकाच माणसाच्या ताब्यात असतील, तर वेळेचा मेळ घालून तो दोन्ही टोकं जोडू शकतो. एकाच माणसाने शेकडो खोट्या ओळखी घेऊन जाळ्यात शिरणं, याला सिबिल हल्ला म्हणतात (कर्जाच्या सिबिल स्कोअरशी याचा संबंध नाही). मधे ओळख तपासणारं कोणी नसेल तर तो व्यवहारात पुरता रोखता येत नाही, हे जॉन डूसर यांनी 2002 मध्ये दाखवून दिलं.

आता आमच्या मुलांनी प्रती कूटलिपीत करून वाटल्या आहेत: पंचवटी, सिडको, देवळाली आणि इंदिरानगर. त्याच मुलीने परवा वहीत चारही घरांची नोंद केली आणि थबकली. चौघांकडेही इंटरनेट एकाच कंपनीचं. पाचवी प्रत तिच्या मामाकडे धुळ्याला जाणार आहे. तिथलं कनेक्शन दुसरं आहे, हे तिने आधी फोन करून विचारलं.