१६ हजारांत २३ जणांचा फरक

२००९ मधे थायलंडमधल्या आरव्ही १४४ नावाच्या ट्रायलचा निकाल आला. एचआयव्हीवरच्या लसीने पहिल्यांदाच काहीतरी परिणाम दाखवला होता, तोही ३१ टक्केच. ट्रायलमधे १६ हजारांहून जास्त माणसं, निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नुसतंच पाणी म्हणा ना, प्लासिबो. तीन-साडेतीन वर्षांनी मोजलं तर लस घेतलेल्यांत ५१ जणांना लागण झाली होती आणि प्लासिबोवाल्यांत ७४ जणांना. म्हणजे एवढा मोठा खटाटोप शेवटी २३ माणसांच्या फरकावर येऊन थांबला.

आता विचार करा, यातले दोन-तीनशे लोक मधेच यायचे बंद झाले तर? त्यांच्यात कोणाला लागण झाली कोणाला नाही हे कळणारच नाही, आणि आपण तर २३ वर निकाल लावतोय! तसा हिशोब करताना शेवटच्या टेस्टपर्यंतचाच काळ धरतात, पण त्याने गळतीचा प्रश्न सुटत नाही, कारण सोडून जाणारी माणसं चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी जात नाहीत. कामासाठी सारखं गाव बदलणारे, नवीन पार्टनर झालेले, घरी न सांगता येणारे असे लोक आधी गळतात आणि बऱ्याचदा धोकाही यांनाच जास्त असतो. त्यात लसीऐवजी लागण टाळायच्या औषधाची ट्रायल असेल आणि मळमळतंय म्हणून एकाच गटातले लोक जास्त गेले तर दोन गटांची तुलनाच बोंबलली.

आणि कॅन्सरच्या ट्रायलसारखं इथे नसतं. तिथे पेशंटला स्वतःला बरं व्हायचं असतं, इथे सगळे धडधाकट. काही दुखत नाही, खुपत नाही, तरी वर्षानुवर्षं ठरल्या तारखेला यायचं, रक्त द्यायचं आणि सेक्सबद्दलचे तेच ते खाजगी प्रश्न ऐकायचे... खरं सांगा, तुम्ही किती वेळा गेला असता? लसीच्या ट्रायलमधे तर आणखी एक गंमत, शरीरात लसीमुळे अँटीबॉडी तयार झाल्या तर साधी टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, लागण नसताना! मग बाहेर कुठे टेस्ट करायची वेळ आली की समजावत बसा, म्हणून ट्रायलवाल्यांनाच वेगळी टेस्ट करून द्यावी लागते.

मग टीम काय करते? पहिल्याच दिवशी पत्ता, टोपणनाव, घराजवळची खूण, दोन-तीन ओळखीच्यांचे फोन असं सगळं लिहून घेते आणि दर भेटीला परत विचारते, कारण नंबर सारखे बदलतात. पण फोन केल्यावर भलत्याने उचलला तर काय बोलायचं हे आधी ठरलेलं हवं, नाहीतर शोधायला गेलात आणि बिचारीची सगळीकडे बदनामी झाली. येण्याजाण्याचा खर्च मिळतो पण तो किती हे एथिक्स कमिटी बघते, आमिष वाटता कामा नये. माझ्या मते मात्र पैशापेक्षा तासन्‌तास ताटकळत न ठेवणं आणि दर वेळी ओळखीचा चेहरा दिसणं याने माणूस जास्त टिकतो.

बरं, माणूस येतोय म्हणजे सगळं झालं असंही नाही हां. आफ्रिकेतल्या तीन देशांत ५,०२९ महिलांवर लागण टाळायच्या गोळ्या आणि जेलची व्हॉइस नावाची ट्रायल झाली, ९० टक्क्यांच्या वर महिला शेवटपर्यंत येत राहिल्या, गोळी किंवा जेल वापरतो असंही बहुतेकींनी सांगितलं, आणि रक्त तपासलं तर जेमतेम पंचवीस ते तीस टक्के नमुन्यांत औषध सापडलं! गोळ्या दिसल्या तर आपल्यालाच एचआयव्ही आहे असं लोक समजतील ही भीती, औषधाबद्दल उडत्या अफवा, आणि नर्सताईंना वाईट वाटू नये म्हणून 'हो घेते की' म्हणून मोकळं व्हायचं. औषध चालतं की नाही हा मूळ प्रश्न तिथेच राहिला.

इंजेक्शनमुळे हे लपवणं संपलं. २०२४ मधे लेनाकापाविर या सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनच्या ट्रायलमधे ते घेणाऱ्या २,१३४ महिलांपैकी एकीलाही लागण झाली नाही. पण लांब चालणाऱ्या इंजेक्शनचं वेगळंच लफडं आहे, ते बंद केलं तरी औषध कित्येक महिने अंगात थोडं थोडं उरतं, आणि त्या काळात लागण झाली तर व्हायरस त्याच औषधाला दाद न देणारा बनू शकतो. म्हणजे ज्याने इंजेक्शन सोडलं त्याच्यावरच जास्त लक्ष हवं, आणि नेमका तोच यायचा बंद होतो.

ट्रायल केव्हाही सोडायचा हक्क संमतीपत्रात लिहिलेला असतोच, तो काढून घेता येत नाही आणि घेऊही नये. फक्त औषध सोडणं आणि ट्रायल सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बऱ्याच जणांना माहितच नसतं. गोळ्या चुकवल्या, आता ओरडतील म्हणून लोक येतच नाहीत. चांगला काऊन्सेलर अशा वेळी एवढंच म्हणतो, गोळी नको तर नको, पण टेस्टला तेवढं या.