'ॲरो' मालिकेचे अखेरचे पर्व : चाहत्यांचे तर्क

डीसी कॉमिक्समधील 'ग्रीन ॲरो' या धनुर्धारी नायकावर बेतलेल्या 'ॲरो' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या आठव्या आणि शेवटच्या पर्वाआधी व त्या पर्वाच्या काळात चाहत्यांनी बांधलेल्या अंदाजांची ही नोंद आहे. मालिका 'द सीडब्ल्यू' वाहिनीवर १० ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झाली आणि २८ जानेवारी २०२० रोजी संपली. आठ पर्वांचे मिळून १७० भाग झाले. ग्रेग बर्लान्टी, मार्क गुगेनहाइम आणि अँड्र्यू क्राइसबर्ग हे तिचे निर्माते, तर ऑलिव्हर क्वीनच्या भूमिकेत स्टीफन अमेल. 'द फ्लॅश', 'लेजंड्स ऑफ टुमॉरो' या मालिका हिच्यातूनच निघाल्या आणि पुढे 'सुपरगर्ल', 'बॅटवुमन' याही त्याच कथाविश्वात आल्या. त्यामुळे या मालिकेचा शेवट काय होणार, हा प्रश्न एका मालिकेपुरता उरला नव्हता.

आठवे पर्व शेवटचे असल्याची घोषणा मार्च २०१९ मध्ये झाली. सातवे पर्व तेव्हा चालू होते. त्या पर्वाचा अखेरचा भाग १३ मे २०१९ रोजी दाखवला गेला आणि त्यात 'मॉनिटर' हा विश्वाचा पहारेकरी (लामोनिका गॅरेट) ऑलिव्हरच्या दारात येऊन उभा राहिला. येणाऱ्या महासंकटात तुझा मृत्यू मला दिसला आहे, असे त्याने तोंडावर सांगितले. त्याच भागात २०४० सालातील दृश्यात ऑलिव्हरची कबर दिसली आणि तिच्यावर मृत्यूचे साल होते २०१९. नायक मरणार की वाचणार, हा अशा मालिकांतला नेहमीचा प्रश्न. इथे त्याचे उत्तर पर्व सुरू होण्याच्या पाच महिने आधीच मिळाले होते. त्यामुळे तर्कांची दिशाच बदलली. तो कशासाठी मरेल, कोणाच्या बदल्यात मरेल, मेल्यावर त्याचे काय होईल आणि मागे राहणाऱ्यांचे काय, यावर लोक महिनोन्‌महिने डोके लढवत राहिले. या पर्वाभोवतीची चर्चा इतकी कसदार झाली ती यामुळेच.

चाहत्यांच्या हाती सर्वांत भरवशाचा आधार होता तो मूळ कॉमिक्सचा. मार्व्ह वुल्फमन यांनी लिहिलेली आणि जॉर्ज पेरेझ यांनी रेखाटलेली 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही बारा अंकांची मालिका १९८५-८६ मध्ये निघाली. समांतर विश्वे एकामागून एक नष्ट होतात, ही तिची कथा. सातव्या अंकात सुपरगर्ल, म्हणजे कारा, मरते आणि आठव्या अंकात फ्लॅश, म्हणजे बॅरी ॲलन. याच नावाचा, पाच मालिकांत विभागलेला पाच भागांचा महासोहळा दूरचित्रवाणीवर होणार हे जाहीर झाले, तेव्हा ही दोन नावे प्रत्येक जाणकाराच्या ओठांवर होती. त्यात 'द फ्लॅश'च्या पहिल्याच भागात, ऑक्टोबर २०१४ मध्ये, भविष्यातले एक वृत्तपत्र दाखवले होते. 'महासंकटात फ्लॅश बेपत्ता' अशी त्याची बातमी आणि तारीख २५ एप्रिल २०२४. ऑलिव्हरच्या दारात मॉनिटर आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १४ मे २०१९ रोजी, 'द फ्लॅश'च्या पाचव्या पर्वाचा शेवट झाला आणि त्या वृत्तपत्रावरची तारीख प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बदलून १० डिसेंबर २०१९ झाली. पाच वर्षे जपून ठेवलेले भाकीत असे अचानक उंबरठ्यावर आले.

मग प्रश्न उभा राहिला, की कॉमिक्समध्ये मरतात बॅरी आणि कारा, मग मालिकेत ऑलिव्हर का? याचे उत्तर चाहत्यांनी डिसेंबर २०१८ मधील 'एल्सवर्ल्ड्स' या तीन भागांच्या क्रॉसओव्हरमध्ये (वेगवेगळ्या मालिकांतली पात्रे एकत्र येतात अशा कथेत) शोधले. तिथे काळाचा वेग मंदावण्यासाठी बॅरी आणि कारा पृथ्वीभोवती उलट दिशांनी प्रचंड वेगाने धावणार असतात आणि त्यात दोघांचा जीव जाणार हे ऑलिव्हरला कळते. तो मॉनिटरकडे जातो. हे दोघे सर्वांत चांगले आहेत, त्यांना मरू देऊ नकोस, असे विनवतो. विश्वाचा समतोल राखायचा तर बदल्यात काहीतरी द्यावे लागेल, असे मॉनिटर म्हणतो आणि दृश्य तिथेच तुटते. ऑलिव्हरने काय कबूल केले ते ऐकू येत नाही. पुढच्या प्रसंगात बॅरी आणि कारा जिवंत असतात. ऑलिव्हरने स्वतःचे आयुष्य देऊ केले, म्हणजे कॉमिक्समधील दोन मृत्यू त्याने स्वतःवर ओढून घेतले, हा तर्क त्याच आठवड्यात मांडला गेला आणि तो पुढे खरा ठरला. या सगळ्या चर्चेतला हा सर्वांत चांगला तर्क होता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तो कॉमिक्सच्या पाठांतरावर उभा नव्हता. पहिल्या पर्वात सूडाने पेटलेला, दुसऱ्यांना जवळ येऊ न देणारा हा माणूस सात वर्षांत कुठवर येऊन पोहोचला आहे, याचे ते अचूक वाचन होते.

तरीही विश्वास ठेवायला अनेक जण तयार नव्हते, आणि त्याला कारण होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये चौथ्या पर्वाच्या सुरुवातीलाच ऑलिव्हर एका कबरीपाशी शोक करताना दाखवला होता. कबर कोणाची हे मात्र झाकून ठेवले होते. पुढचे सहा महिने याद्या बनत राहिल्या. डिसेंबरमध्ये ऑलिव्हरची प्रेयसी फेलिसिटी हिच्यावर गोळीबार झाला तेव्हा कबर तिचीच असे अनेकांनी धरून चालले. जानेवारीत कबरीनंतरच्या दृश्यातील गाडीत ती जिवंत दिसली आणि तिचे नाव यादीतून गेले. एप्रिल २०१६ मध्ये कळले, की कबर लॉरेल लान्सची, म्हणजे ब्लॅक कॅनरीची (केटी कॅसिडी) आहे. कबरीचे दृश्य चित्रित करताना आत कोण हे ठरलेलेच नव्हते, असे मालिकेच्या लेखकांनी पुढे सांगितले. ज्यांनी संवाद आणि चौकटी तपासत सहा महिने घालवले होते त्यांना हे लागले, आणि तो राग रास्त होता. उत्तरच ठरलेले नसेल तर कोड्यातल्या खुणांना काय अर्थ? २०१९ मध्ये पुन्हा कबर दिसली तेव्हा 'ही तरी खरी का?' ही शंका तिथून आली होती.

पडद्याबाहेरच्या गोष्टीही पुरावा म्हणून वाचल्या जात. आधीची पर्वे बावीस-तेवीस भागांची, हे मात्र दहाचे. त्यामुळे महासंकटाचा भाग आठवा असणार आणि त्यानंतर दोनच भाग उरतील, हे साधे गणित होते. त्यांतला एक भाग नव्या मालिकेची चाचपणी करणार, हेही पर्वाआधी बाहेर आले. ऑलिव्हरची मुलगी मिया (कॅथरिन मॅकनमारा) २०४० मधून वर्तमानात येईल, हिरवा पोशाख तिच्या अंगावर चढेल आणि बापाचा वारसा ती चालवेल, हा अंदाज त्यावरून निघाला. तिसऱ्या भागाच्या अखेरीस मिया खरोखरच वर्तमानात येऊन बापासमोर उभी राहिली. व्हँकूवरच्या रस्त्यांवर चित्रीकरण उघड्यावर चाले, त्यामुळे तिथली छायाचित्रेही लगोलग फिरत. जानेवारी २०२० मधील नवव्या भागात मिया ग्रीन ॲरो झाली. नियोजित मालिका मात्र वाहिनीने २०२१ मध्ये नाकारली.

८ डिसेंबर २०१९ रोजी महासोहळा सुरू झाला आणि सर्वांचे गणित चुकले. ऑलिव्हरचा मृत्यू पाचव्या, फार तर चौथ्या भागात येईल अशी अपेक्षा होती. तो पहिल्याच भागात मेला, तोही 'सुपरगर्ल'च्या भागात, दुसऱ्या पृथ्वीवरील लोकांना सुटकेसाठी थोडा वेळ मिळावा म्हणून लढताना. त्यानंतर ९ आणि १० डिसेंबरला दोन भाग झाले आणि उरलेले दोन थेट १४ जानेवारीला. मधल्या पाच आठवड्यांत नव्याने तर्कांना ऊत आला. तिसऱ्या भागात जिम कॉरिगन ऑलिव्हरच्या आत्म्याला 'स्पेक्टर' या दैवी शक्तीचा वारस करतो. कॉमिक्समध्ये हॅल जॉर्डन हा मृत नायकही काही काळ स्पेक्टर झाला होता आणि पुढे माणूस म्हणून परतला होता. त्यावरून ऑलिव्हरही परतेल अशी आशा अनेकांनी धरली. ती फळली नाही. चौथ्या भागात नवे विश्व उजळवून तो दुसऱ्यांदा आणि कायमचा गेला. विश्व नव्याने घडताना जुने मृत परततील, हा अंदाज मात्र बरोबर निघाला. आई मोइरा आणि मित्र टॉमी दोघेही शेवटच्या भागात जिवंत होते.

वृत्तपत्रातल्या भाकिताचा उलगडा १० डिसेंबरलाच झाला. महासंकटात एक फ्लॅश खरोखरच नाहीसा झाला. तो ग्रँट गस्टिनचा बॅरी नव्हता, तर १९९०-९१ च्या जुन्या मालिकेतला, जॉन वेस्ली शिप यांचा बॅरी होता. प्रतिद्रव्याची तोफ थांबवण्यासाठी तो धावत राहतो आणि विरून जातो, अगदी आठव्या अंकातल्यासारखा. त्या क्षणी जुन्या मालिकेतले त्याचे दृश्यही क्षणभर दाखवले गेले. भाकिताचा शब्द पाळून अर्थ बदलण्याची ही युक्ती फार थोड्यांना आधी सुचली होती, आणि चुकलेल्यांनाही ती मनापासून आवडली.

फेलिसिटीचा धागा वेगळा. एमिली बेट रिकर्ड्स यांनी मार्च २०१९ मध्ये मालिका सोडत असल्याचे जाहीर केले. 'ओलिसिटी' या नावाने ही जोडी मिरवणाऱ्या चाहत्यांपाशी मग एकच खूण उरली. सातव्या पर्वाच्या शेवटी २०४० मधील वयस्क फेलिसिटी मॉनिटरसोबत एका प्रकाशदारातून निघून जाते, परत येता येणार नाही हे माहीत असताना. ती ऑलिव्हरकडेच जात आहे, असे चाहते ठामपणे सांगत राहिले. शेवटच्या भागात रिकर्ड्स परतल्या आणि तेच घडले. मृत्यूनंतरच्या जगात दोघे मोइराच्या कार्यालयात भेटतात, जिथे ऑलिव्हरने तिला पहिल्यांदा पाहिले होते.

याआधीचे या जातीचे मोठे उदाहरण म्हणजे सुपरमॅनच्या तरुणपणावरील 'स्मॉलव्हिल'. तिचे दहावे व अखेरचे पर्व सप्टेंबर २०१० ते मे २०११ या काळात झाले. पोशाख नाही आणि उड्डाण नाही, हा तिच्या निर्मात्यांचा सुरुवातीपासूनचा दंडक. त्यामुळे टॉम वेलिंग शेवटी तो पोशाख घालणार का, यावरच सारी चर्चा एकवटली होती. शेवटी पोशाख आला, पण अंगभर घातलेला वेलिंग जवळून दिसलाच नाही. त्या निराशेची आठवण 'ॲरो'च्या चाहत्यांनाही होती.

एक तर्क अखेरपर्यंत अर्धाच राहिला. ऑलिव्हरचा साथीदार जॉन डिगल (डेव्हिड रॅमझी) हा खरे तर ग्रीन लँटर्न (हिरव्या अंगठीतून शक्ती मिळवणारा डीसीचा नायक) जॉन स्टुअर्ट होणार, असे चाहते फार आधीपासून म्हणत. 'एल्सवर्ल्ड्स'मध्ये शिप यांच्या फ्लॅशने त्याला पाहून, अंगठी का घातली नाही अशा अर्थाचा प्रश्न केला तेव्हा त्यांना बळ आले. २०१९ मध्ये त्याच्या सावत्र वडिलांचे आडनाव स्टुअर्ट असल्याचे उघड झाले तेव्हा तर बहुतेकांची खात्रीच पटली. महासंकटात तो लँटर्न म्हणून उतरेल ही अपेक्षा फोल ठरली, पण मालिकेच्या अखेरच्या भागात आकाशातून काहीतरी कोसळते आणि डिगल उचलतो त्या पेटीतून हिरवा प्रकाश त्याच्या चेहऱ्यावर पडतो. पेटीत काय आहे ते कॅमेरा दाखवत नाही. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, 'द फ्लॅश'च्या आठव्या पर्वात डिगलने ती शक्ती नाकारली आणि कुटुंबाकडे परतण्याचा निर्णय घेतला.